पुढच्या हंगामाचा रंग

त्या गावात मास्तर दोन होते, एक शिकवणारे आणि एक शिवणारे. शिकवणाऱ्या मास्तरांना लोक मान देत आणि शिवणाऱ्या मास्तरांचं ऐकत. यातलं बरं कुठलं ते ज्याचं त्यानं ठरवावं. शिवणाऱ्या मास्तरांचा मात्र याबाबत कधी गोंधळ झाला नाही. गळ्यात टेप, कानावर खडू, ओठांत दोन-तीन टाचण्या आणि त्या टाचण्यांतून गाळून बाहेर पडणारी मतं, असा त्यांचा थाट. तोंडात टाचण्या असल्यावर माणूस कमी बोलेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचे मास्तर पाहिलेले नाहीत.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पुढे रस्ता, मागे नाला. शहाणा शिंपी मशीन मांडतो ते रस्त्याकडे तोंड करून, येणारं गिऱ्हाईक दिसावं म्हणून. मास्तरांनी ते मागच्या खिडकीला, नाल्याकडे तोंड करून मांडलं होतं. गिऱ्हाइकाला आधी त्यांची पाठ दिसे आणि नवखा माणूस जरा बिचके. पण नवखी माणसं त्या दुकानात फारशी येत नसत. येत ती चांगली मुरलेली गिऱ्हाइकं, आणि त्यांना ठाऊक होतं की मास्तर पाठ फिरवून बसलेत म्हणजे कामात आहेत.

आता नाल्याचं सांगायला हवं. मास्तरांचे आजोबा त्याला नदी म्हणत. वडील ओढा म्हणत. मास्तरांच्या पिढीत त्याचा नाला झाला. वाट तीच, पाणी तेच. माणसांनी नाव तेवढं कमी कमी करत आणलं. गावाच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना होता, त्याला सगळे रंगखाना म्हणत. परदेशातल्या मोठमोठ्या दुकानांसाठी तिथे कापड रंगे आणि रंगवून उरलेलं पाणी खाली येई. सोमवारी शेंदरी, बुधवारी जांभळं, कधी दुपारपर्यंत हिरवं आणि संध्याकाळी चहासारखं. रंगखान्याचं म्हणणं असं, की पाण्यात रंगाखेरीज काहीही नसतं. मासे हे ऐकायला थांबले नाहीत.

गावाला त्याची सवय झाली होती, आणि सवय ही अशी चीज आहे की तिला कशाचाही वास येत नाही. लोक तारखा विसरत पण रंग विसरत नसत. "उसनं नेलेलं पातेलं कधी दिलंस?" "अहो, नाला केशरी होता ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी." असं चाले. शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांनी परीक्षेत विचारलं, पाण्याचे गुणधर्म लिहा. अर्ध्या वर्गानं लिहिलं, पाण्याला दर दिवशी वेगळा रंग असतो. शिकवणाऱ्या मास्तरांनी शून्य द्यायला पेन उचललं, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि अर्धा गुण दिला. त्या अर्ध्या गुणापायी त्यांना पुढे अनेक वर्षं झोप नीट लागली नाही, असं ते स्वतःच सांगत.

शिवणाऱ्या मास्तरांना मात्र त्या पाण्यात वेगळंच दिसलं. तरुणपणी एकदा नाला आठवडाभर वांग्याच्या रंगाचा वाहिला. पाहून पाहून तो त्यांच्या डोळ्यांत बसला म्हणा, किंवा डोकं फिरलं म्हणा, त्यांनी बाजारातून त्याच रंगाचा अख्खा तागा आणला. बायका हसल्या. सहा-आठ महिन्यांनी परदेशी मासिकं आली, पडद्यावर नट्या आल्या, आणि बघतात तो जिकडे तिकडे वांगी. सगळ्या गावात त्या रंगाचं कापड एका मास्तरांकडे. त्या दिवसापासून मास्तरांना कळलं की आपल्या खिडकीखालून फॅशन वाहते. साऱ्या जगाला जे पुढच्या हंगामात नेसायचंय ते आपल्या मोरीसमोरून आधी जातं.

मग काय विचारता! सकाळी चहाचा कप घेऊन मास्तर खिडकीशी बसत, डोळे बारीक करत आणि जाहीर करत, "मोहरी येतेय. पण फिकट. भडक मोहरी घेऊ नका, तोंडावर आपटाल." बायका लांबून लांबून यायला लागल्या. लग्न ठरलेल्या मुली, नोकरीला लागलेल्या बायका, एकदा तर शेजारच्या शहरातल्या बड्या दुकानाचा मालक टोपी खाली ओढून आला होता. मास्तर कुणाला नाही म्हणत नसत, पण एकदम हो तरी कशाला म्हणतील? आधी खिडकीकडे बघत, मग गिऱ्हाइकाकडे, मग पुन्हा खिडकीकडे. डॉक्टरनं जीभ बघावी तसा त्यांनी नाला बघावा आणि लोकांनी श्वास रोखून उभं राहावं.

मास्तरांच्या बायकोला सारी गल्ली काकू म्हणे. काकूंना या भविष्याचं कौतुक नव्हतं. "लोकांचे नवरे बायकोला पाण्यात पाहतात," त्या म्हणत, "आमच्या यांना पाण्यापुढे बायको दिसतच नाही." काकूंचं राज्य वेगळं होतं. घराच्या बाजूला परसात दगडी विहीर होती, आणि गल्लीतलं पिण्याचं पाणी सगळं त्या विहिरीचं. नाला तसा, नळाला पाणी येण्याची तऱ्हा देवाला ठाऊक. मग सकाळ-संध्याकाळ काकूंच्या परसात घागरी लागत. काकू कुणाला शेंदू देत नसत. रहाट जुना होता, दोर त्यांच्या हाताच्या सवयीचा होता, आणि खरं सांगायचं तर पाणी देताना मिळणारा मान त्यांना दुसऱ्या कुणाला वाटून द्यायचा नव्हता. नवऱ्याला भविष्य, बायकोला विहीर. दोघांचीही मिजास सारखीच, फक्त काकूंची लोकांची तहान भागवी.

मास्तरांना आपल्या भविष्याचा पडताळाही मिळे. गावाबाहेर रस्त्याला लागून परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या गाठी पडत. इथे रंगलेलं कापड तिकडे जाई, तिकडे कुणीतरी ते दोनदा घाली, कंटाळे, आणि दान केल्याचं समाधान मानून पाठवून देई. फिरून फिरून ते इथेच येई. चांगलं असेल ते विकलं जाई, उरलेलं रंगखान्याच्या भट्ट्यांत जळे, म्हणजे नवं कापड रंगवायला पाणी तापे. जुन्या सदऱ्याच्या आचेवर नवा सदरा रंगे, आणि त्याचा धूर गावाच्या डोक्यावर. उन्हाळा दर वर्षी लांबत होता, विहीर दर वर्षी थोडी खाली जात होती. शिकवणारे मास्तर वर्तमानपत्र वाचून सांगत की तिकडे समुद्र वर येतोय. काकू म्हणत, "मग त्यांना सांगा, थोडा इकडे ओता." आणि शिवणारे मास्तर त्या गाठींपाशी उभे राहून काठीनं कपडे उलटे-पालटे करत. "हा बघा, दोन वर्षांपूर्वी पुन्हा आलेला वांगी. मी सांगितला होता. हा मोहरी. सांगितला होता." धुरानं डोळे चुरचुरत, पण चेहऱ्यावर समाधान असं, की जणू नातवंडंच भेटीला आलीत.

असं सगळं सुरळीत चाललं असताना कुणीतरी नाल्याचा फोटो काढला आणि तो तिकडच्या वर्तमानपत्रात आला. तिकडच्या लोकांना आपल्या अंगावरच्या सदऱ्याची लाज वाटली. त्यांनी तो काढून टाकला आणि नवा घेतला. शिवाय दुकानदारांना खडसावून सांगितलं की नाला स्वच्छ हवा. दुकानदारांनी रंगखान्याला सांगितलं. रंगखान्याच्या साहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की नाला स्वच्छ झाला असंच समजा. आणि पाहायला तिकडून पाहुणे येणार असं ठरलं.

एका सकाळी मास्तर चहाचा कप घेऊन खिडकीशी बसले, डोळे बारीक केले, मग मोठे केले. नाल्याला रंग नव्हता.

आरडाओरडा झाला. लोक पुलावर जमले. पाणी पारदर्शक होतं आणि त्याच्याखाली काहीतरी भयंकर दिसत होतं. ते काय ते कळायला वेळ लागला, कारण नाल्याचा तळ कुणी कधी पाहिलेलाच नव्हता. मुलं मागे सरकली. एका आईनं आपल्या पोराच्या डोळ्यांवर हात ठेवला. "काहीतरी विषारी सोडलंय," कुणीतरी म्हणालं, "रंगसुद्धा मेला बघा त्यात." ते सगळ्यांना पटलं. एकटे शिकवणारे मास्तर कठड्याला धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "रंगहीन," ते म्हणत होते, "मी सांगत नव्हतो? रंगहीन असतं!" त्यांनी अख्खी शाळा पुलावर आणली आणि मुलांकडून तीन-तीनदा म्हणवून घेतलं.

तळ दिसल्यावर गल्लीची अब्रूही दिसली. फुटकी पातेली, सायकलचं चाक, बाटल्यांचा खच, कुणाच्या तरी कवळीचा खालचा अर्धा भाग. सगळे रंगखान्याच्या नावानं खडे फोडत होते, पण ती कवळी काही रंगखान्यातून आली नव्हती. आणि मास्तरांच्या खिडकीखाली चिंध्यांचा एक ढिगारा होता, वर्षानुवर्षं खिडकीतून सहज झटकलेल्या कातरणांचा, चांगला कमरेइतका. मास्तरांनी तो पाहिला आणि नजर वळवली. त्यांना चिंता वेगळी होती. पुढचा रंग कसा कळणार?

पाहुणे आले, नाल्याचे फोटो काढले, साहेबांना काचेची एक ढाल दिली. गावानं टाळ्या वाजवल्या. "सगळं ठीक आहे," पुलावर एकजण म्हणाला, "पण एवढं रंगाचं पाणी गेलं कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय." लोकांनी मान डोलावली. तो बोलायचं म्हणून बोलला, लोकांनी ऐकायचं म्हणून ऐकलं, आणि सगळे आपापल्या घरी गेले. पाहुण्यांची गाडी गेली तशी वरच्या तळ्यातून दाखवण्यापुरतं सोडलेलं पाणीही बंद झालं. नाल्यातून रंगखाना वजा केल्यावर कळलं की नाल्यात दुसरं काही नव्हतंच. चार मोऱ्यांचं पाणी तेवढं दगडांमधून चुळचुळत राहिलं.

मास्तरांवर खरं संकट आलं ते असं. गिऱ्हाईक विचारी, "मास्तर, या हंगामाला काय?" मास्तर खिडकीबाहेर बघत. दगड. एकदा अंदाजानं म्हणाले, करडा. बायकांनी करडा शिवून घेतला आणि हंगामात सगळं जग लिंबू रंगात न्हालं. गल्लीतल्या बायका करड्या झग्यात आल्या आणि त्यांनी मास्तरांकडे नुसतं पाहिलं. पुढच्या खेपेला त्या चौकातल्या दुकानात गेल्या, जिथे तयार कपडे लटकवलेले असतात आणि शिंपी नसतोच.

मास्तर तक्रार घेऊन कचेरीत गेले. सोबत दोन-चार शेजारी होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "तक्रार कशाची?"

"नाल्याची."

"घाण आहे?"

"नाही, स्वच्छ झालाय."

बाईंनी आता मान वर केली. "आभाराची पत्रं शेजारच्या खिडकीत."

"आभार नाही हो, तक्रारच आहे. आमचा रंग गेला. कुठे गेला ते कळलं पाहिजे. इतकी वर्षं नाला आमच्या दारातून वाहतोय, न विचारता बंद कसा करतात?"

"मग तुम्हाला पुन्हा घाण पाणी हवंय का?"

मास्तरांना ते हवं होतं, पण असं तोंड उघडून म्हणायला जीभ रेटेना. शेजाऱ्यांपैकी एकानं हळूच विचारलं, "थोडंसं मिळेल का?" बाईंनी खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी झाली होती.

शेवटी मास्तरांनी मेहुण्याला धरलं. काकूंचा धाकटा भाऊ रंगखान्यात मुकादम होता. रविवारी जेवायला आला की ढेकर देऊन साहेबांच्या गोष्टी सांगायची त्याला सवय. मास्तरांनी त्याच्या ताटात वाढ वाढ वाढलं आणि विचारलं, "कारखाना चालू आहे ना रे? मग रंगाचं पाणी जातं कुठे?"

मेहुण्यानं इकडे तिकडे पाहिलं. खोलीत बहीण होती, तिला तो बाहेरची धरत नसे. "भाऊजी, कुणाला बोलू नका. लोक पाणी वर काढायला बोअर मारतात. आमच्या साहेबांनी उलटं मारलंय. वरून सोडायचं, खाली जातं. ना वास, ना फोटो. डोकं लागतं याला."

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली म्हणजे खाली. जमिनीत. जमीन केवढी मोठी आहे!"

मास्तरांनी मान हलवली. त्या वेळी त्यांना एकच प्रश्न सुचला, आणि तो सुचला याचा पुढे त्यांना जन्मभर राग येत राहिला. ते म्हणाले, "ते ठीक आहे. पण सध्या रंग कुठला सोडताय?"

"ते सांगायची बंदी आहे," मेहुणा म्हणाला. "सही घेतलीय आमची. फॅशनचं गुपित असतं, भाऊजी."

काकू ताक द्यावं तसं दोघांपुढे थंड पाण्याचे पेले ठेवत होत्या. म्हणाल्या, "गुपितं पुरे. जेवा आता. माझ्या पोटात आज पुन्हा जळजळतंय, मी जरा पडते." मास्तर म्हणाले, "चहा कमी कर." आणि मेहुण्याला पुन्हा वाढायला लागले. पण तो काही बधला नाही. इतकं जेवून न बधणारा माणूस मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिला.

हंगाम तोंडावर आला. दुकानात माशा होत्या, गिऱ्हाईक नव्हतं. काकूंची जळजळ जात नव्हती, गल्लीतही दोन-तीन घरांतून पोटाच्या तक्रारी होत्या आणि जो तो उन्हाला नावं ठेवत होता. काकूंचा उपाय एकच, पाणी जास्त प्या. त्या स्वतः पीत आणि दुसऱ्यांना आग्रहानं पाजत.

एका सकाळी मास्तर मशीनशी नुसतेच बसले होते. समोर अस्तराचं कोरं पांढरं कापड पसरलं होतं. काकूंनी नेहमीप्रमाणे काचेचा पेला भरून त्या कापडावर ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं. ते पेल्यातून आरपार गेलं आणि पांढऱ्या कापडावर एक डाग पडला. मास्तरांनी डोळे बारीक केले. पाण्याचा कवडसा पांढरा असतो. हा पांढरा नव्हता. निळा नाही, हिरवा नाही, दोहोंच्या मधला, फार फिकट, पण होता. मोरपंखी!

मास्तर ताडकन उठले. "सापडला!" ते ओरडले. काकू दचकल्या. "काय सापडलं?" पण मास्तर जमिनीवरून नाही तर हवेतून चालावं तसे बाहेर पडले होते, एका पायात आपली चप्पल आणि एका पायात काकूंची. बाजार उघडायच्या आत कापडाच्या दुकानाच्या फळीशी जाऊन उभे राहिले. तीन ताग्यांतून निवडून निवडून एक घेतला, उन्हात धरला, कोपरा चोळून पाहिला. परत येताना वाटेत जी भेटली तिला सांगितलं, "या हंगामाला मोरपंखी. फिकट. लिहून ठेवा." किती दिवसांनी त्यांचा आवाज असा वाजला होता! माणसाला आपलं जुनं मोठेपण परत मिळावं यासारखं सुख नाही, आणि ते सुख त्या दिवशी त्यांच्या अंगात मावत नव्हतं.

दुपारपर्यंत दुकान भरलं. चौकातल्या दुकानात गेलेल्यासुद्धा आल्या, मान जरा खाली घालून. मास्तरांनी मोठ्या मनानं त्यांना क्षमा केली, फक्त दोन टोमणे मारले.

"पण मास्तर, नाल्यात तर दगड आहेत. दिसला कुठे?" बँकेतल्या बाईंनी विचारलं. त्यांच्या मुंढ्याचं माप चाललं होतं.

"नाल्यात बघणारे नाल्यात बघोत," मास्तर टाचण्यांतून म्हणाले. "ज्याला बघता येतं त्याला कुठेही दिसतं."

काकू तांब्या आणि पेले घेऊन फिरत होत्या. ऊन मी म्हणत होतं, बाया घटाघटा पीत होत्या. बँकेतल्या बाईंनी एक हात वर धरला होता, दुसऱ्या हातात पेला होता. सहज म्हणून त्यांनी तो उलगडलेल्या ताग्यावर धरला, डोकं वाकडं करून पाहिलं आणि हसल्या.

"अय्या, मास्तर, हे बघा. अगदी जुळतोय."

सगळ्या जवळ आल्या. खरंच जुळत होता. कुणीतरी म्हणालं, किती गोड दिसतोय. कुणीतरी आपलाही पेला शेजारी धरून पाहिला. मास्तर प्रौढीनं पुढे झाले, निवड किती अचूक आहे ते दाखवायला, आणि ताग्यावर बोट ठेवता ठेवता थांबले. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "अहो," त्या म्हणाल्या, "सकाळी तुम्हाला हा रंग कुठे दिसला?"

"पेल्यात."

"माझ्या विहिरीच्या?"

"हो."

"आणि तुम्ही तागा आणायला धावलात."

मास्तरांनी ताग्याचं उलगडलेलं टोक गुंडाळायला घेतलं.

"मी म्हटलं, भरलेला पेला वाया कशाला घालवायचा," काकू म्हणाल्या. "तुमच्या मागे मीच प्यायले तो."

मास्तरांना मेहुण्याचं जेवण आठवलं, उलटं मारलेलं बोअर आठवलं, जमीन केवढी मोठी आहे ते आठवलं. त्यांना लाज वाटली. नुसती लाज नव्हे, गळ्यातला टेप आवळावा असं काहीतरी वाटलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं, मेहुण्याच्या सहीसकट. बायकांनी पेले हळूच खाली ठेवले. ठेवताना एकीनं विचारलं की म्हणजे मोरपंखी नक्की ना. ती वाईट नव्हती, बिचारी. मास्तरांकडून काय ऐकायचं याची तिच्या कानांना वर्षानुवर्षांची सवय होती.

संध्याकाळी घागरी लागल्या. काकू विहिरीच्या कट्ट्यावर बसून होत्या. "नेऊ नका," त्या एकेकीला सांगत होत्या. "रंग उतरलाय पाण्यात. मी तुम्हाला पाजत राहिले, मला कळलं नाही." सांगताना त्यांना रडू येत होतं आणि रडताना बघणाऱ्यांना अवघडल्यासारखं होत होतं. बाया ऐकत होत्या, मान हलवत होत्या, पण घागर घेऊन परत कुणी जात नव्हती. जाणार कुठे? नळ कोरडा, नाल्यात दगड.

कोपऱ्यावरच्या घरातली सून पुढे झाली. तिनं स्वतःच पोहरा सोडला. काकूंनी दोराला हात घातला, धरला, आणि मग रोजच्यासारखा ओढायला लागल्या. सुनेच्या हातानं रहाट नीट फिरत नव्हता.

"उकळून घे गं," काकू म्हणाल्या.

"उकळल्यावर रंग जाईल का?" सुनेनं विचारलं, आणि काकूंना नाही, मास्तरांना विचारलं. रंगाचं काही असलं की गाव मास्तरांनाच विचारत असे.

साऱ्या बाया मास्तरांकडे बघायला लागल्या. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांना कापड दाखवताना एकच खात्री दिली होती, आणि आता तीच द्यायची वेळ आली होती.

"नाही जाणार," ते म्हणाले. "पक्का आहे."

सुनेनं क्षणभर विचार केला. मग घागर भरून कमरेवर घेतली आणि घरी गेली. चुलीवर भात टाकायचा होता.